आमोण्याच्या माटोळीचा चौथा कोपरा

मी आता सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही. ज्याला पटेल त्याने उठावं आणि तोंडावर पाणी मारून यावं.

असं मी यंदाच्या पंचमीला दुपारी जाहीर केलं, तेव्हा मोरजीच्या आमच्या घरात बसायला जागा नव्हती. चवथीचा दुसरा दिवस. पोटात पातोळ्या, समोर गणपती आणि त्याच्या डोक्यावर माटोळी. आमच्या पेडण्यात काय नि डिचोलीत काय, माटोळीवाचून गणपती बसत नाही. लाकडाची आयताकृती चौकट, तिच्यात आडव्याउभ्या पट्ट्या, ती चार कोपऱ्यांना दोर लावून आढ्याच्या चार कड्यांना टांगायची आणि तिला सुपारीचे घोस, नारळ, चिबूड, तोरिंगणं, रानातली मिळतील ती फळं बांधायची. बाजारात विकत मिळतं ते कोणीही बांधील. रानात शिरून आणलेलं बांधलं की माटोळी.

आणि आमच्या घरात ती बांधायचा मान थोरल्या पुरुषाचा. थोरले आमचे दादा होते. ते गेल्यापासून मान माझा, शिवदासचा.

आता खरं सांगायचं तर रानातलं अर्ध्याहून अधिक सामान आणते ती सुविधा. दादांच्या रुद्रेशची बायको, माहेर आमोण्याचं. काटे तिला टोचतात, कोयता तिच्या हातात, चिखलात पाय तिचे. मी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून सांगतो, "ते घोस जरा डावीकडे," आणि शेवटी शिडीवर चढून गाठी मारतो. लोक येतात, वर बघतात, म्हणतात, "वा शिवदासबाब, काय माटोळी!" मी मान खाली घालतो. लाजून नव्हे, शिडीमुळे मान आखडलेली असते.

तर चवथीच्या सकाळी सुविधा मला म्हणाली, "काका, पुढच्या वर्षापासून माटोळी मी बांधणार."

'बांधू का' नाही. 'बांधणार'.

तिच्या सासूच्या, म्हणजे आमच्या विमलावहिनींच्या हातातली नेवरी, करंजीच ती, होती तिथेच राहिली. रुद्रेश जनेलाबाहेर बघायला लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मी नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. हो म्हटलं असतं तर माझं काय उरलं असतं? मी केवणीच्या सालीच्या दोरीची गुंडाळी, जिने माटोळी बांधतात ती, काखेत मारली आणि म्हटलं, "उद्या पंचमी. मी गोष्ट सांगणार. तिच्यातलं खोटं पकड आणि ही दोरी घे."

"तुमच्या गोष्टीत खोटंच असतं. सोपं आहे."

"सोपं नाही गो बाय. नुसतं 'हे खोटं' म्हणून चालणार नाही. मी तिथे होतो, तू नव्हतीस. माझ्याच तोंडच्या शब्दांवरून दाखवायचं की हे होऊच शकत नाही. चौघांना पटलं पाहिजे. आणि 'खोटं' म्हणायचं एकदाच."

तिने जरा विचार केला. "आणि मी पकडलं तर पुढे 'पण, परंतु' नाही."

"नाही."

"गणपतीसमोर सांगा."

सांगितलं. मला भीती कसली? पन्नास वर्षं मी या ओट्यावर थापा मारतो आहे. माझी थाप पकडायला पोलीस ठाणं बसवावं लागेल.

तर पंचमीला सगळे जमले. आरतीवाला निलेश, शेजारचाच, मांडीवर घुमट, आरतीला वाजवायचं ते मातीचं वाद्य, घेऊन बसला. रुद्रेश दाराशी. विमलावहिनी समईच्या वाती सारख्या करत. आणि सुविधा खांबाला टेकून बरोबर माझ्या समोर, डोळे माझ्या तोंडावर. दोरीची गुंडाळी मी मुद्दाम मधे जमिनीवर ठेवली. बघू दे तिला.

मी गोष्ट निवडली तीही मुद्दाम. तिच्या माहेरची.

"आमोण्याला," मी सुरू केलं, "मांडवीच्या काठाला माझा एक दोस्त होता, भिकाजी. सुविधा, तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस, तुला आठवायचा नाही. हट्टी माणूस. एकदा मनात घेतलं की यमाला सांगायचा, ओसरीवर बस, हे संपवून येतो. त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी त्याने माळ्यावरून माटोळीची चौकट काढली आणि ती हातातच भुगा झाली. वाळवी! सकाळी भटजी येणार. माटोळी नाही तर गणपती बसवायचा कुठे? मी तेव्हा पाहुणा म्हणून तिथेच. भिकाजी म्हणाला, शिवदास, आज मी चौकट केल्याशिवाय पाणी पिणार नाही."

निलेशने घुमटावर एक थाप दिली. मला जोर आला.

"त्याच्याकडे वडिलांच्या वेळची सुतळी होती. तिला मापाच्या गाठी. एक लांब बाजूची, एक आखूड बाजूची. घरात चौकट मोडली की त्या सुतळीवर नवी करायची, अशी रीत. भिकाजीने सुपारीचं झाड पाडलं, चार काठ्या तासल्या. काठ्या कशा? ओळंब्याच्या दोरीसारख्या सरळ! मुंगी एका टोकाला चढली की डोळे मिटून दुसऱ्या टोकाला पोचायची. लांब दोन समोरासमोर, आखूड दोन समोरासमोर, कोपऱ्याला एकेक खिळा. सुतळी लावून बघितली. चारही बाजू मापात. टांगली. फळं बांधली. नारळांचा घड एका कोपऱ्याला. आणि पाठ वळते न वळते तोच, कुर्र कुर्र, चौकट तिरपी!"

"तिरपी म्हणजे?" विमलावहिनींनी विचारलं.

"म्हणजे वारा लागलेल्या होडीसारखी कलली हो वहिनी. आणि ज्या घरात माटोळी तिरपी, त्या घरात काय सरळ राहणार? समईची ज्योत तिरपी. भिकाजीची बायको जानकी सोलकढी वाढायला आली, तर धार वाटीत पडायची ती शेजाऱ्याच्या धोतरात. मांजर भिंतीवरून चालायला लागलं. भिकाजीची मिशी एका बाजूने कानाला टेकली, ती दसऱ्याला उतरली."

लोक हसले. सुविधा हसली नाही.

निलेश मात्र उसळला. "सापडलं! काका, सापडलं! चारही काठ्या मापात, समोरासमोरच्या सारख्या, मग चौकट तिरपी होईलच कशी? खोटं!"

मी याचीच वाट बघत होतो. "सुविधा," मी म्हटलं, "झाडूचे हीर आण बघू. दोन लांब, दोन आखूड. आणि दोरा."

तिने हीर आणले, कोपऱ्यांना दोऱ्याने बांधून छोटी चौकट केली. निलेशकडे ती कीव आल्यासारखी बघत होती. मी चौकट जमिनीवर ठेवून एका कोपऱ्याला बोट लावलं. सरकली, तिरपी झाली.

"निलेश, हीर लांब झाले? आखूड झाले?"

"नाही."

"मग बदललं काय?"

त्याने डोकं खाजवलं. सुविधाला राहवलं नाही. ती बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मुलांच्या शिकवण्या घेते आणि मी तिथेच दुपारची झोप काढतो, म्हणून हे गणित मला झोपेत पाठ झालं आहे. ती म्हणाली, "कोन बदलले, निलेशभाऊ. समोरासमोरच्या बाजू सारख्या, एवढ्याने आयत होत नाही. तो समांतरभुज चौकोन. एक तरी काटकोन हवा, मग तो आयत."

"ऐकलंस? भिकाजीच्या सुतळीला बाजूंच्या गाठी होत्या. कोपऱ्याची गाठ सुतळीला मारता येत नाही. तीच तर त्या घराण्याची चूक, पिढ्यान् पिढ्या." मी मिशीवरून हात फिरवला. "पुढे ऐका. भिकाजी घाबरतो काय? चौकट उतरवली, म्हणाला, ही लांब-आखूड भानगडच नको. चारही काठ्या सारख्या करतो. चौरस माटोळी! लांब काठ्या कापून आखूडच्या मापाच्या केल्या. टांगली. एका कोपऱ्याला भोपळा बांधला. भोपळा केवढा? तो रानातून आणायला बैलगाडी नेली होती, तर परत येताना बैल गाडीत आणि गाडी भोपळ्यावर. आणि त्या भोपळ्याने कोपरा खेचला तो खेचला, चौकटीचा झाला पत्त्यांतला चौकट! वर टोक, खाली टोक."

रुद्रेशला बायकोसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं. तो दारातून म्हणाला, "पण काका, चारही बाजू सारख्या म्हणजे चौरसच की. तो बदामाच्या शेजारचा चौकट कसा..."

"तुम्ही गप्प बसा," सुविधा म्हणाली.

"अगो, मी तुझ्याच बाजूने..."

"माझ्या बाजूने बसा, बोलू नका. चारही बाजू सारख्या म्हणजे समभुज चौकोन. चौरस व्हायला कोपरेही काटकोन लागतात. काकांचं अजून सगळं बरोबर आहे." आणि माझ्याकडे वळून, "सांगा काका. भोपळ्यापर्यंत आलो."

'सगळं बरोबर आहे' म्हणाली! भोपळ्यावरची गाडीसुद्धा! मला कळायला हवं होतं. पण माणूस रंगात आला की त्याला ऐकू येतं ते कौतुकच.

"आता दिवस कलला," मी पुढे म्हटलं. "भिकाजीच्या घशाला कोरड, पण पाण्याला शिवेना. त्या घाईत त्याने नव्या लांब काठ्या तासल्या आणि ठोकताना घोळ केला. लांब दोन शेजारी-शेजारी ठोकल्या, आखूड दोन शेजारी-शेजारी."

"पतंग," सुविधा म्हणाली.

"पतंग! आणि पतंगाचा धर्म काय? भिकाजी ती चौकट घेऊन अंगणात आला, मांडवीवरून वारा सुटला, आणि माटोळी उडाली! चिबूड, सुपाऱ्या, भोपळ्यासकट! दोर भिकाजीच्या मुठीत. सोडील तो भिकाजी कसला? तोही वर. मी त्याच्या पायाला धरलं, तर मीही वर. आम्ही खाली बघतो तर मांडवी चांदीच्या कडदोऱ्यासारखी, फेरीबोटीतले लोक आम्हाला हात करताहेत."

"भावजी," विमलावहिनी म्हणाल्या, "माटोळी उडाली?"

"वहिनी, तुम्ही होतात तिथे?"

"नाही."

"मग?"

वहिनी वातीकडे वळल्या. निलेशने घुमट असा बडवला की मोदकांवरची माशी उठली. सगळ्यांनी सुविधाकडे बघितलं. ती हाताने हिरांची चौकट उगाच सरळ-तिरपी करत होती.

"नदीपलीकडे एका माडाला आपटून खाली आलो," मी म्हटलं. "एक काठी मोडली. भिकाजीने उरलेला तुकडाच ठोकला. झालं काय, वरची बाजू लांब, खालची आखूड, दोन्ही समांतर, आणि कडेच्या दोन कलत्या."

"समलंब चौकोन."

"होडीला आडवं कापलं की दिसते तशी. मी म्हटलं, भिकाजी, ही माटोळी नव्हे, ही होडी. तीच पाण्यात घातली आणि तिच्यात बसून अलीकडे आलो. चिबूड भिजला नाही."

आता मला थांबता आलं असतं. गोष्ट तिथे संपवून दोरी काखेत मारून उठलो असतो तर आज ती दोरी माझ्या खुंटीला असती. पण समोर आमोण्याची पोर, तोंडातून चौकोनांची नावं सोडून काही नाही, आणि घरभर माणसं. मला वाटलं, आता शेवटचा खिळा ठोकावा. या मानावर बोट ठेवायची पुन्हा हिंमत होता कामा नये.

"आणि आता ऐका," मी आवाज खाली आणला, "माटोळी बांधायचा मान आमच्या घरातल्या पुरुषाचा का, ते. भिकाजी घरी आला. म्हणाला, शिवदास, बाजू बघून फसलो, आता कोपरे बघून करतो. सुतळी चुलीत टाकली. चार नव्या काठ्या घेतल्या, त्याच सुपारीच्या, तशाच सरळ. शेजारच्या सुताराचा गुण्या आणला, तो लोखंडी, काटकोनाचा. चौकट जमिनीवर मांडली. जमीन कशी? तेलाचा थेंब टाकला तर त्याला कळेना कुठे वाहावं. चौकट तिला अशी चिकटून की खालून कागद सरकला नसता. पहिला कोपरा गुण्याला लावला, ठोकला. बरोबर काटकोन. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. आणि चौथा!"

मी थांबलो. निलेशचा हात घुमटावर अधांतरी.

"चौथा कोपरा काही केल्या बसेना. फाकलेला! गुण्या लावला की फट दिसायची, करंगळी जाईल एवढी. भिकाजी रडकुंडीला आला. अख्खा आमोणे गाव जमला, कोणी दाबतो, कोणी ओढतो. आमोण्याच्या लोकांना तीन कोपरे जमले, चौथा जमेना. शेवटी मी बाह्या सरसावल्या. त्या चौथ्या कोपऱ्यावर हा मोरजीचा शिवदास बसला, एकदा श्वास घेतला, आणि दाबला. कट्! काटकोन. बाकीच्या तीन कोपऱ्यांना धक्का नाही. सकाळी आलेले भटजी म्हणाले, शिवदास, माटोळीचा मान तुझा आणि तुझ्या घरातल्या पुरुषांचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! निलेशने घुमटावर आरतीचा ठेका धरला. मी दोरीकडे हात नेला.

"काका," सुविधा म्हणाली, "एक विचारू? पकडत नाही, नुसतं विचारते."

"विचार गो."

"काठ्या सरळ होत्या? वाकलेल्या नव्हत्या?"

"मुंगी डोळे मिटून चालायची म्हटलं ना."

"आणि चौकट जमिनीला सपाट. एखादा कोपरा वर उचललेला नव्हता?"

"कागद सरकला नसता. तुझ्या माहेरची जमीन गो, तुलाच ठाऊक."

"पहिला कोपरा गुण्याला बरोबर लागला. दुसरा बरोबर. तिसराही बरोबर. थोडंही इकडे-तिकडे नाही?"

"केसभरही नाही!"

"आणि तेव्हाच, तुम्ही बसायच्या आधी, चौथा फाकलेला."

"करंगळी जाईल एवढा. किती वेळा सांगू?"

"एवढंच पुरे."

ती उठली. हिरांची चौकट घेऊन ती मधे आली, जिथे लादी चकचकीत आहे. विमलावहिनींनी, काही न सांगता, आरतीचं ताट उचलून जागा मोकळी केली. दादा असताना त्या ताटाला हात लावायच्या आणि दोरीला नाही, ते मला तेव्हा का आठवलं कोणास ठाऊक.

"निलेशभाऊ, इकडे या," सुविधा म्हणाली. "लादीचे कोपरे काटकोन आहेत ना?"

"आहेत. मीच बसवल्या."

"या चौकटीचा पहिला कोपरा लादीच्या कोपऱ्याला लावा. घट्ट धरा. रुद्रेश, आता बोलू नका, पण या. दुसरा कोपरा काटकोनात धरा, लादीच्या रेषेला रेष. आई, तिसरा तुम्ही."

विमलावहिनी खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या बसत नाहीत. बसल्या. तीन कोपऱ्यांवर तीन बोटं.

"सोडू नका हां. काका, आता तुम्ही चौथा कोपरा फाकवून दाखवा. करंगळीएवढा. तुम्ही बंद केलात, तर उघडता पण येईल."

मी वाकलो. आता माझ्या बोटात जोर कमी आहे असं नाही. मी आत दाबलं, बाहेर ओढलं. निलेश ओरडला, "काका, माझा कोपरा हलतोय!" मी हळू केलं. मग रुद्रेशचा सुटला. ते दोघं नीट धरून बसले की चौथा कोपरा हूं की चूं करेना. लादीच्या रेषेवर असा बसला होता, जसा कोणी गुण्या लावून ठोकलेला. त्याला कोणी धरलं नव्हतं.

माणसं वाकून बघू लागली. शेजारची मालती चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत होती.

"जरा... दोरा सैल आहे," मी म्हटलं.

"दोरा तुम्हीच मागितला होता," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोट काढलं नव्हतं.

सुविधा माझ्या समोर बसली. आवाज चढवला नाही. शिकवणीला एखादं पोर अडलं की ती बोलते तसं बोलली, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"काका, मांजर भिंतीवरून चाललं, मी काही म्हटलं नाही. माटोळी उडाली, तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. पण चौकोनाचे चारही कोन मिळून चार काटकोन होतात. लांब असो, आखूड असो, तिरपा असो, पतंग असो, तेवढेच. सरळ काठ्यांच्या, सपाट चौकटीचे तीन कोपरे काटकोन झाले की चौथ्याला दुसरं काही व्हायला जागाच उरत नाही. भिकाजींनी तिसरा कोपरा ठोकला तेव्हाच माटोळी आयत झाली होती. तुम्ही बसायच्या आधी." तिने हात पुढे केला, दोरीकडे. "तुम्ही तो कोपरा दाबला नाहीत, काका. हे खोटं आहे."